डाव्या हाताने वाजवलेली घंटा

त्या चर्चमध्ये साक्ष देऊन परत घ्यायची रीतच नव्हती. द्यायची मात्र होती, आणि ती भलतीच जोरात. कुणाचा ताप उतरला, कुणाच्या पाठीतली उसण गेली, की त्याने रविवारी उपासनेत पुढे यायचं, प्रभूने आपल्याला कसं बरं केलं ते मंडळीसमोर सांगायचं, आणि मग दाराशी जाऊन वरच्या घंटेची दोरी स्वतःच्या हाताने ओढायची. गल्लीतल्या दुकानदारांनासुद्धा माहीत होतं, की रविवारी भलत्या वेळी घंटा झाली म्हणजे आत कुणीतरी बरं झालं. सगळं छान होतं. पण एकदा वाजलेली घंटा परत कशी घ्यायची, हे कुणी ठरवून ठेवलं नव्हतं, कारण तशी वेळ येईल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती वेळ आणली दाभणबाईने.

दाभण म्हणजे पोती शिवायची ती जाड लांब सुई. ही बाई सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा दुरुस्त करायची, त्यामुळे दाभण दिवसभर तिच्या हातात. तिची जीभही त्याच जातीची होती, असं गल्लीचं मत होतं, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. तिथे सोफ्यांचे उघडे सांगाडे, काथ्याचे ढीग, फोमचे तुकडे आणि रेक्झिनच्या गुंडाळ्या. आलेल्या माणसाने बसायचं कुठे हा प्रश्नच असायचा, कारण त्या घरात खुर्च्या भरपूर आणि बसता येईल अशी एकही नाही. काम करताना ती बारीक चुका, म्हणजे ते टोकदार छोटे खिळे, तोंडात धरायची आणि एकेक काढून लाकडात ठोकायची. तेवढा वेळ तिला बोलता येत नसे. तिचा नवरा म्हणायचा, "देवाने मला विश्रांती दिलीय, ती चुकांच्या डबीत घालून दिलीय."

नवरा शाळेची बस चालवायचा. गमत्या माणूस, पण चर्चची पायरी चढायचा नाही. रविवारी बायकोला आणि आईला त्या पिवळ्या बसमधून आणून सोडायचा आणि उपासना संपेपर्यंत समोरच्या बाजूला बसमध्येच पेपर वाचत बसायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "देवाशी माझं भांडण नाही. बोलणं बंद आहे एवढंच." त्यामागे कारण होतं. तो तरुण असताना त्याचे वडील आजारी पडले. मंडळीने प्रार्थना केली, वडिलांना जरा हुशारी वाटली, आणि लोकांनी उत्साहात त्यांना दोन्ही बाजूंनी धरून साक्षीला उभं केलं. त्यांनी कापऱ्या हातांनी घंटा वाजवली. पुढचा रविवार काही त्यांनी पाहिला नाही. त्यांची बायको, म्हणजे दाभणबाईची सासू, त्यानंतरही पहिल्या बाकावर बसत राहिली. मुलगा बाहेर जाऊन बसला तो बसलाच.

आता हाताचं काय झालं ते सांगायला हवं. एका दुपारी दाभणबाईला सर्दीने बेजार केलं होतं. तिने गोळी घेतली आणि दुरुस्तीला आलेल्या एका सोफ्याच्या उघड्या लाकडावर उजवा हात टाकून ती जी झोपली ती संध्याकाळपर्यंत. उठली तर हात मनगटापासून लोंबतोय. आधी वाटलं मुंग्या आल्यात, जातील. मुंग्या गेल्या, हात तसाच. मनगट वर उचलेना, बोटं सरळ होईनात. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की दंडातली नस दबली आहे. मनगटाला पट्टी दिली, व्यायाम दिले, आणि म्हणाल्या, "बहुतेकांचा हात येतो. वाट बघा." दाभणबाईने वाट बघितली. महिने गेले. मग तारा लावून नसेची तपासणी झाली आणि डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला. "आता ऑपरेशनचा विचार करायला लागेल," त्या म्हणाल्या, "आणि करूनही येईलच अशी खात्री मी देत नाही."

ज्या बाईचं सगळं जगणं त्या हातात, तिला हे ऐकून काय झालं असेल? घरी येऊन तिने चुकांची डबी कपाटात ठेवून दिली. आता ती गप्प असायची आणि तोंडात एकही चूक नसायची. त्या शांततेचा नवऱ्याला काही आनंद झाला नाही.

त्यात चर्चचं मोठं काम तिने अंगावर घेतलेलं होतं. बाकांपुढे गुडघे टेकायला लांबट गाद्या असतात, त्या पार चपट्या झाल्या होत्या. त्या सगळ्या नव्याने भरून द्यायच्या होत्या. गाद्या उसवून झाल्या आणि हात गेला. मंडळी तेव्हापासून उघड्या फळीवर गुडघे टेकत होती आणि तिच्याचसाठी प्रार्थना करत होती. लोकांचे गुडघे दुखताहेत ते आपल्यामुळे, आणि प्रार्थना चाललीय ती आपल्यासाठी, हे तिला फार लागायचं.

अशात एका रविवारी पाळकसाहेबांनी तिला पुढे बोलावलं. सरळमार्गी माणूस तो, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला, सगळी मंडळी उभी राहिली, कुणी मोठ्याने तर कुणी मनात प्रार्थना करू लागलं, आणि तिच्या हातात कोपरापर्यंत एक ऊब चढली. खोटं नाही, खरंच चढली. इतके महिने थंडगार पडलेल्या हाताला ऊब आली तेव्हा तिचा बांध फुटला. झालं, तिला वाटलं, मी बरी झाले. ती रडत मंडळीकडे वळली आणि म्हणाली, "प्रभूने माझा हात परत दिला." मग काय, टाळ्या, हालेलुया, गाणं सुरू. सासू तर पहिल्या बाकावरून उठून नाचायचीच बाकी राहिली. लोकांच्या लाटेत दाभणबाई दाराशी पोचली, उजवा हात दोरीला लावला, आणि बोटं उघडेचनात.

 मागे गाणं जोरात चाललेलं, सगळे घंटेची वाट बघताहेत. तिने डाव्या हाताने दोरी धरली आणि ओढली.

आनंदात कुणाचं लक्ष गेलं नाही. समोर बसमध्ये बसलेल्या माणसाला मात्र उघड्या दारातून सगळं दिसत होतं. त्याने पेपरची घडी घातली आणि तो समोर बघत बसून राहिला.

घरी जाताना सासू एकटीच बोलत होती. घरी आल्यावर नवऱ्याने चहा केला, कप बायकोच्या उजव्या बाजूला ठेवला आणि म्हणाला, "उचल."

हात मनगटापासून लोंबत राहिला. कपातली वाफ जात राहिली.

"बाबांनी निदान दोन्ही हातांनी ओढली होती गं," तो म्हणाला, आणि उठून बस धुवायला गेला. बस स्वच्छच होती.

दाभणबाईने मनाची समजूत घालायचे सगळे प्रकार करून पाहिले. विश्वासानेच तर बोलले. आज ना उद्या येईल हात, मग खरंच ठरेल. लोकांनी तर तिला समजूत घालायलाही फुरसत दिली नाही. सोमवारपासून दाराशी रांग. हिची डुगडुगती खुर्ची, त्याचा फाटका सोफा, बरी झालीस ना, मग आता आमचं काम घे. ती कुणाला उद्या सांगे, कुणाला कापड नाही म्हणे. सासू येणाऱ्या प्रत्येकाला साक्ष नव्याने ऐकवायची, आणि दर वेळी त्यात थोडी भर पडायची. एकाला तर तिने हातातून उजेड निघाल्याचं सांगितलं. लोकांना काय, गोष्ट हवी असते.

मग शुक्रवारी इस्त्रीवाली आली. कोपऱ्यावर तिचं इस्त्रीचं टेबल होतं. रक्तदाबाने हैराण बाई, रोजच्या गोळ्या चालू. ती मोठ्या आनंदात होती. "तुझी घंटा ऐकली आणि ठरवलं," ती म्हणाली, "तुझ्या हाताला होतं तर माझ्या दाबाला का नाही? गोळ्या बंद केल्या बघ. माझाही विश्वास काही कमी नाही."

दाभणबाई उठून उभी राहिली. "गोळ्या कुठायत?"

"घरी आहेत की."

"चल." तिने इस्त्रीवालीला दंडाला धरून तिच्या घरी नेलं, गोळी काढायला लावली, आणि पाण्याचा पेला डाव्या हाताने तिच्या तोंडाशी धरला. "गीळ. प्रभूला तुला बरं करायचं असेल तर तो गोळी बघून पळून जाणार नाही."

इस्त्रीवालीने गोळी गिळली आणि पेल्याकडे बघितलं, मग लोंबणाऱ्या उजव्या हाताकडे.  घरी परत येताना दाभणबाईचं ठरलं होतं. हात गेला तर पोटावर पाय येईल, पण या घंटेच्या आवाजावर उद्या कुणाचा जीव गेला, तर मात्र तिला प्रार्थनेला तोंड उघडता आलं नसतं.

रविवारी साक्षीची वेळ आली तशी ती उठून पुढे गेली. लोक हसऱ्या तोंडाने बघायला लागले, की आता आणखी काय. तिने पदराखालून उजवा हात काढला आणि समोर धरला. तो लोंबला.

"मागच्या रविवारी मी सांगितलं ते खरं नव्हतं," ती म्हणाली. "हात गरम झाला होता, बरा झाला नव्हता. घंटा मी डाव्या हाताने वाजवली. मी घाई केली. प्रभू मला बरं करेल हा विश्वास आजही तसाच आहे, पण त्याचं काम व्हायच्या आधी त्याच्या नावाची पावती फाडायला मी कोण? माझं ऐकून कुणी औषध थांबवलं असेल तर आज घरी जाऊन घ्या. माझी साक्ष मी परत घेते."

असं काही त्या भिंतींनी कधी ऐकलं नव्हतं.  सासूने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. कुणी कुणाकडे बघेना.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मोठा आवाज आला. "काय म्हणाली ती?"

हे घड्याळवाले आजोबा. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली, कानांनी ठार बहिरे. पण कित्येक वर्षांपूर्वी त्यांनीही साक्ष दिली होती, कान आल्याची, आणि घंटाही वाजवली होती. शेजारच्याने त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडून पाहिलं, मग गीतांच्या पुस्तकावर लिहून सगळं दाखवलं. त्यांना कळलं तसे ते काठीवर जोर देऊन उभे राहिले.

"असं परत करता येतं होय? मग माझीही घ्या," ते म्हणाले. "कान आलेला नाही. त्या दिवशी काहीतरी गुणगुणल्यासारखं झालं, मला वाटलं आलाच. मग सगळ्यांचे आनंदी चेहरे बघून सांगायचा धीर झाला नाही. तेव्हापासून नुसती मान डोलावतोय."

पाळकसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी हातवारे करून विचारलं, "म्हणजे माझी प्रवचनं?"

"एकही नाही," आजोबा म्हणाले. "पण चेहऱ्यावरून चांगली वाटायची."

आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळं चर्च हसलं, आणि हसता हसता कितीजणांनी डोळे पुसले. मग एकेकजण उठायला लागला. एकाचा गुडघा, एकीची अर्धशिशी, एकाचं सुटलेलं आणि पुन्हा लागलेलं व्यसन. खऱ्या साक्षीही पुष्कळ निघाल्या, आणि त्या तशाच ठेवल्या गेल्या. शेवटी सासू पदर मागे सारून उभी राहिली. "माझी पाठ मात्र खरीच बरी झालेली आहे," तिने बजावलं. "ती मी परत देणार नाही. आणि उजेड मी वाढवून सांगितला होता."

पाळकसाहेब वेदीवरून खाली उतरले आणि मंडळीच्या मधोमध, गादी नसलेल्या उघड्या फळीवर गुडघे टेकून बसले. त्यांचा तो मोठा आवाज एकदम लहान झाला होता. "बाबांनो, आता तरी खरं मागू," ते म्हणाले. "जे दुखतंय ते त्याला दाखवू." आणि मग जी प्रार्थना झाली तशी त्या चर्चमध्ये आधी झाली नव्हती. कुणी झाकलं नाही, कुणी सजवलं नाही. दाभणबाईला या वेळी हातात काहीच जाणवलं नाही, ऊब नाही की मुंगी नाही. पण छातीवरचा दगड उतरला होता, आणि आपण देवाच्या अगदी समोर बसलोय एवढं तिला पक्कं कळत होतं. डोळे उघडले तर दारात कुणीतरी उभं. नवरा पेपर बसमध्येच टाकून आला होता. आत आला नाही, उंबऱ्याशी होता, टोपी हातात धरून.

घरी आल्यावर तो पुढच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "काथ्या कुठून भरायचा ते दाखव."

"तुम्हाला जमणार नाही."

"तुझा उजवा हात मी. डोकं आणि जीभ तुझीच वापर, ती शाबूत आहे."

असं गाद्यांचं काम सुरू झालं. तो शाळेच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात यायचा आणि बसायचा. ती डाव्या हाताने कापड ताणून धरायची, तो दाभण घालायचा, आणि टाका असा तिरका पडायचा, की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "बस वळवताय का? सरळ घाला," ती म्हणायची. "रस्त्यात खड्डे फार आहेत," तो म्हणायचा. मनगटाचे व्यायाम चालू होते, ऑपरेशनसाठी मोठ्या दवाखान्यात नाव घातलेलं होतं, आणि ती रोज गादीवर डावा हात ठेवून, उजवा मांडीवर घेऊन साधंसं मागायची, की प्रभू, हात दे, आणि देईपर्यंत मला खरं बोलू दे.

एका सकाळी तो टाका ओढत होता आणि ती रागावून सांगत होती. दाभण त्याच्या हातातून निसटली आणि फळीवरून घरंगळत टोकाला निघाली. तिचा हात पुढे गेला आणि दाभण अडली.

दोघं त्या हाताकडे बघत राहिले. तो उजवा होता. मनगट फळीवरून वर उठलेलं होतं, थोडंसंच, आणि थरथरत होतं.

"काही बोलू नका," ती म्हणाली. "परत टाका."

त्याने दाभण परत घरंगळत सोडली. मनगट परत उठलं. त्याने पुन्हा सोडली, पुन्हा उठलं. मग त्याला पुढे काही दिसेना, आणि तो गाडी चालवणारा दांडगा माणूस काथ्याच्या ढिगाऱ्यात बसून लहान मुलासारखा रडायला लागला. "रोज मागत होतो गं," तो म्हणाला. "बसमध्ये. त्या दिवशी तू खरं बोललीस ना, तेव्हापासून. बोलणं सुरू केलं म्हटलं, बघू काय म्हणतो."

डॉक्टरीणबाईंनी हात वर-खाली करून पाहिला, परत पाहिला, खुर्चीत मागे टेकल्या. "नस उशिरा जागी होते कधीकधी," त्या म्हणाल्या. "पण इतक्या उशिरा मी आशा धरली नव्हती. ऑपरेशन नको आता. व्यायाम सोडू नका."

"नाही सोडत," दाभणबाई म्हणाली. "उशिराचं कारण तुम्हाला सापडलं तर मला सांगा. मला सापडलंय ते मी चर्चमध्ये सांगते."

पण लगेच सांगितलं नाही हं. एकदा तोंड पोळलं होतं. आधी कप, मग कात्री, मग चुका. चुका तोंडात धरून तिने पहिल्यांदा हातोडी चालवली तेव्हा नवऱ्याने त्या शांततेला हात जोडले. शेवटची गादी सगळीच्या सगळी एकटीने शिवून झाल्यावर ती रविवारी पुढे गेली.

"थांब," सासू पहिल्या बाकावरून म्हणाली. "आधी दाखव."

तिने पिशवीतून दाभण आणि जाड रेक्झिनचा दुपदरी तुकडा काढला आणि सगळ्यांसमोर उजव्या हाताने टाका घातला. दाभण पलीकडे निघाली तेव्हा चर्च दणाणून गेलं. पाळकसाहेब गाणं सांगायचं विसरले, मंडळीने आपलंआपणच सुरू केलं. गोळी घेऊन आलेल्या इस्त्रीवालीचा आवाज सगळ्यांच्या वर होता. आणि तिसऱ्या बाकाशी, स्वतःच शिवलेल्या तिरक्या गादीवर, बसचा ड्रायव्हर गुडघे टेकून बसला होता.

दाभणबाईने दाराशी जाऊन उजव्या हाताने दोरी धरली. पाचही बोटं घट्ट मिटली. तिने ओढली. घंटा वाजली, आणि वाजतच राहिली. दुकानदार बाहेर आले, समोरच्या गच्चीवर माणसं जमली, तरी ही थांबेना.

"अगं पुरे," सासू म्हणाली, "सगळ्यांना कळलं."

"मागच्या वेळी फुकट वाजवली होती आई. ती भरून काढतेय."

तेवढ्यात काठी टेकत घड्याळवाले आजोबा तिच्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांनी घंटेकडे वर पाहिलं, लोकांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "वाजतेय का?" त्यांनी विचारलं.

दाभणबाईने त्यांचा हात धरला, दोरीवर ठेवला, त्यावर आपला उजवा हात ठेवला आणि जोराने ओढली. वरून घंटेचा हिसका आणि थरथर दोरीतून खाली त्यांच्या तळव्यात उतरली. आजोबांनी डोळे मिटले. "आली," ते म्हणाले. "केवढी मोठी आहे ही."

त्यांचा कान काही बरा झाला नव्हता, आणि दोरी बरं झालेल्यानेच ओढायची अशी तिथली रीत होती. पण आजोबा ओढत राहिले आणि त्यांना कुणीही थांबवलं नाही.